टॅबलेट अॅपचा डेमो व्हिडिओ पाच हजारांत होईल का? सल्ला हवाय (बेळगाव-खानापूर)

मास्तर_खानापूर
नमस्कार मंडळी. मराठी शाळेतल्या पोरांना कन्नड अक्षरं गिरवायला शिकवणारं अॅप मी आणि मेव्हण्याने मिळून केलंय. टॅबवर बोटाने गिरवायचं, वळण चुकलं की रेघ लाल होते. आपल्याकडे 'ए' आणि 'ओ' एकेकच. कन्नडमध्ये दोन्हींचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे. पोरं नेमकी तिथंच अडकतात, म्हणून त्या चार अक्षरांवर आम्ही जीव ओतलाय.

आता मुख्याध्यापकांना आणि एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास-देखरेख समितीच्या) लोकांना दाखवायला व्हिडिओ पाहिजे. बेळगावात एका ठिकाणी विचारलं, तीस हजार म्हणाले. माझ्याजवळ पाच आहेत. फोन बरा आहे, लॅपटॉप जुना. घरी शूट करून बघितलं तर काचेत छताचा पंखा फिरताना दिसतो, आणि पत्र्यावरच्या पावसात माझं एक वाक्य धड ऐकू येत नाही. कुणी असलं काम केलंय का?

अनगोळवाली
सर, आधी अॅपचं अभिनंदन. माझ्या पोरीला याची फार गरज होती.

स्क्रीन कॅमेऱ्याने घेऊ नका. अँड्रॉइड ११ पासून पुढे रेकॉर्डर टॅबमध्येच असतो, वरची पट्टी खाली ओढली की सापडेल. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'शो टॅप्स' चालू केलं की बोट टेकेल तिथं ठिपका उमटतो. त्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. चांगला जमलेला टेक मधेच कुणाच्या तरी मेसेजने वाया जातो, माझे असे दोन गेलेत. आणखी एक, बरेच टॅब १६:१० असतात आणि व्हिडिओ १६:९, त्यामुळे बाजूला काळ्या पट्ट्या येतात. तिथं अॅपचाच रंग भरा.

निपाणीचा
लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्या अनुभवावरून सांगतो. ताईंचं बरोबर आहे, पण हे गिरवायचं अॅप आहे. नुसता ठिपका फिरताना बघून मुख्याध्यापकांना काय कळणार? पोराचं बोट दिसलंच पाहिजे. बोट थांबतं, रेघ लाल होते, पोर परत वरून सुरू करतं, तेवढे दहा सेकंद मिळाले तर तुमचं काम झालं. बाकीचं सगळं रेकॉर्डरने घ्या.

त्या दहा सेकंदांसाठी टॅब खिडकीजवळ सपाट ठेवा, उजेड बाजूने येऊ दे. पंखा आणि ट्यूबलाइट बंद. आपली वीज ५० हर्ट्झची, बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. फोन टॅबच्या बरोबर वर बांधा. काळ्या कापडाला लेन्सएवढं भोक पाडून ते फोनच्या खाली ताणा, काचेतलं छत गायब होईल. मग स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा. पोराचा चेहरा नको, हात पुरे; तरी आईबापांना विचारूनच.

पैसे घालायचे तर आवाजावर घाला. कॉलरचा साधा वायरवाला माइक हजाराच्या आत येतो. आवाज वेगळा, पहाटे, पाऊस थांबलेला बघून, गाद्या-रजयांच्या खोलीत घ्या. बोलण्याआधी दहा सेकंद गप्प राहा, त्यावरून ऑडॅसिटी हे आवाजाचं सॉफ्टवेअर खोलीची घरघर काढून टाकतं. पत्र्यावरचा पाऊस मात्र कशानेच निघत नाही. एडिटिंगला शॉटकट घ्या, फुकट आहे. दाविंची जुन्या लॅपटॉपला झेपणार नाही.

अनगोळवाली
बोटाचं पटलं मला. लांबी ९० सेकंदांच्या वर नेऊ नका. खालची अक्षरं (सबटायटल्स) व्हिडिओतच पक्की बसवा, कारण यूट्यूबवर वेगळी जोडलेली सबटायटल्स व्हॉट्सअॅपवर फाइलसोबत जात नाहीत. मराठीची एक फाइल, कन्नडची एक. आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून धूसर होतो.

मास्तर_खानापूर
दोघांचे मनापासून आभार. काळं कापड घरात आहे, शाळेची खिडकी पूर्वेला आहे, रविवारी सकाळीच बसतो. एकच शंका: आवाज माझा घेऊ का? माझं कन्नड थोडं मराठी वळणाचं आहे.

निपाणीचा
मराठी निवेदन तुमचंच ठेवा सर, तुम्हाला या कामाची तळमळ आहे ती ऐकू येईल. कन्नड अक्षरांचे उच्चार मात्र तुमच्या शाळेतल्या कन्नडच्या बाईंकडून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ तिथंच चुकला तर मुख्याध्यापक पुढचं बघणारच नाहीत. कच्चं झालं की इथं टाका, कापाकापी मी करून देतो, पैसे नकोत.