१९११ पिस्तूल: कारखान्यातली सुधारणा की गनस्मिथचे हात?

‘१९११ या मॉडेलच्या पिस्तुलाला सुधारित साइट (नेम धरण्याच्या खुणा), रुंद शेपटीचा ग्रिप सेफ्टी (मूठ आवळल्याशिवाय गोळी सुटू न देणारा खटका) आणि हलका ट्रिगर कारखान्यातूनच बसवून मिळत असताना गनस्मिथला (हाताने बंदुका जुळवणाऱ्या कारागिराला) वेगळे पैसे का द्यायचे,’ असे काही जण विचारतात, आणि हा मुद्दा अर्ध्यापर्यंत मला मान्य आहे. १९७०-८०च्या दशकांत अमेरिकेतील स्पर्धक नेमबाज साधे कोल्ट गव्हर्नमेंट मॉडेल (कोल्ट कंपनीचे १९११) विकत घेऊन थेट गनस्मिथकडे धाडत, कारण मूळ साइट इतकी बुटकी असे की झटपट नेम धरणे अवघड जाई. १९९०च्या दशकात किंबरसारख्या पिस्तूल बनवणाऱ्या कंपन्यांनी हेच बदल नेहमीच्या मॉडेलमध्ये आणले आणि त्या कामापुरती गनस्मिथची गरज खरोखरच संपली.

परंतु भागांची यादी आणि भागांची जुळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारखान्याला कोणताही भाग कोणत्याही फ्रेमवर (पिस्तुलाच्या मूळ सांगाड्यावर) बसावा लागतो, म्हणून तो मोकळीक ठेवतो. गनस्मिथ मात्र स्लाइड (वरचा सरकता भाग), बुशिंग (नळीचे पुढचे टोक धरणारे कडे) आणि नळीचे लग (नळी स्लाइडमध्ये अडकवणारे उंचवटे) त्या एकाच पिस्तुलासाठी घासून बसवतो, आणि प्रत्येक फैरीनंतर नळी त्याच जागी परत येते ती यामुळेच. पन्नास यार्डांवरच्या बुल्सआय स्पर्धेत (अचूक नेमबाजीच्या स्पर्धेत) हा फरक लक्ष्याच्या कागदावर स्पष्ट दिसतो, पंधरा यार्डांवर तो बहुतेकांना जाणवणारही नाही. शिवाय फार घट्ट जुळणी धूळ आणि काजळी कमी सहन करते, हेही ध्यानात घ्यावे.

म्हणून स्वसंरक्षणासाठी मी कारखान्याचेच पिस्तूल घेण्यास सांगेन, आणि उरलेले पैसे काडतुसांवर व सरावावर खर्च करण्यास.