स्कूबा डाइव्हमास्टर इंटर्नशिप: हॅवलॉक, को ताओ, गिली की मालदीव? हातात जून ते सप्टेंबर

पोहणारी_कोथरूडकर

नमस्कार मंडळी. वय २७, राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीत. गेल्या वर्षी जानेवारीत अंदमानात हॅवलॉकला स्कूबा डाइव्हिंगचे पहिले दोन कोर्स, ओपन वॉटर आणि लगेच ॲडव्हान्स्ड, केले. पुढे तारकर्ली आणि कर्नाटकातलं नेत्राणी बेट झालं, लॉगबुकात आता २३ डाइव्ह आहेत. ऑफिसनं जून ते सप्टेंबर बिनपगारी रजा दिली आहे. या चार महिन्यांत रेस्क्यू (अडचणीतल्या डाइव्हरला वाचवायचा कोर्स) आणि डाइव्हमास्टर (गटाला पाण्यात नेणाऱ्या मार्गदर्शकाचा कोर्स) दोन्ही पुरं करायचंच, असं मी ठरवलंय. माझ्यासाठी ही सहल नाही. जमलं तर पुढे हेच काम करायचं आहे.

साठवलेले साडेतीन लाख आहेत, त्यात विमान, खोली, जेवण, कोर्स सगळं बसवायचंय. यादीत हॅवलॉक, थायलंडचं को ताओ, इंडोनेशियातलं गिली त्रावांगान आणि मालदीव आहेत. डाइव्हिंग शिकवणाऱ्या दोन दुकानांना मेल केले. एक म्हणतं इंटर्नशिप फुकट, दुसरं पूर्ण फी मागतं. काम दोघांकडे सारखंच दिसतंय, मग फरक कशाचा?

रोज सकाळी टिळक तलावावर पोहते, ४०० मीटरला साडेनऊ मिनिटं लागतात. अंडं खाते, मासे-मटण नाही. आई काळजीत आहे, तेव्हा एकट्या मुलीच्या दृष्टीनंही सांगा.

सह्यगिरी_भटका

माझं मत हॅवलॉक. व्हिसा नको, भाषेची अडचण नाही, घरच्यांना फोन करणं सोपं. ज्या दुकानात शिकलीस तिथले लोक तुला ओळखतात, हीही मोठी गोष्ट आहे. अनोळखी देशात चार महिने काढण्यापेक्षा हे बरं.

टाकीवाली_ताई

भटकादादांचं म्हणणं नोव्हेंबरात अगदी बरोबर ठरलं असतं. पण अगं, तुझ्या हातात जून ते सप्टेंबर आहेत. तेव्हा अंदमानात नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो, समुद्र खवळलेला, बोटी आज निघतात आणि उद्या नाही. तिथला सीझन ऑक्टोबर ते मे. मी स्वतः दोन सीझन हॅवलॉकला काम केलंय, जागेवर माझा जीव आहे, तरी तुला आत्ता तिथे जा म्हणणार नाही.

मी मूळची सदाशिव पेठेतली. डाइव्हमास्टर को ताओला केलं. ते बेट थायलंडच्या आखातात आहे, तिथे पावसाचा खरा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर. बाली-लोंबोककडे मे ते सप्टेंबर कोरडा मोसम. म्हणजे तुझ्या तारखांना को ताओ आणि गिली हे दोनच उरतात. मालदीवला बेटांमधल्या चॅनेलमधले करंट (पाण्याचे प्रवाह) जोरदार आणि खर्चही मोठा. तिथे शिकून, अनुभव घेऊन नोकरीला जावं.

आता मुख्य गोष्ट. इंटर्नशिपची जागा माशांवरून निवडू नकोस. तिथे रोज किती नवशिके पाण्यात उतरतात आणि तू त्यांच्या किती जवळ असणार, ते बघ. कारण सांगते. माझा तिसरा आठवडा होता, जॅपनीज गार्डन्स नावाच्या उथळ जागी. पाच-सहा मीटरवर एका विद्यार्थ्याच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. नाकात पाणी गेलं आणि त्यानं श्वास रोखून धरला. त्याचे डोळे मला अजून दिसतात, इतके मोठे झालेले की काचेमागे फक्त पांढरं. तो वर झेपावला. श्वास रोखून वर जाणं हीच सगळ्यात वाईट गोष्ट, कारण वर जाताना दाब कमी होतो, छातीतली हवा फुगते आणि फुफ्फुसं फाटू शकतात. मी त्याच्या बीसीडीचा (अंगात घालायच्या, हवा भरता येणाऱ्या जॅकेटचा) खांद्यावरचा पट्टा धरला, दुसऱ्या हातानं श्वास घ्यायचा रेग्युलेटर त्याच्या तोंडात दाबून ठेवला आणि त्याच्या डोळ्यांसमोर स्वतः भसाभसा बुडबुडे सोडत राहिले. चौथ्या-पाचव्या श्वासाला त्याच्या तोंडातून बुडबुडे आले. इन्स्ट्रक्टर दोन हातांवर होता, त्यानं मला करू दिलं आणि नजर हटवली नाही. तो मला शिकवत होता ते हेच. अशी वीस-तीस माणसं पाण्यात सांभाळलीस की तू डाइव्हमास्टर होतेस. सर्टिफिकेटचं कार्ड त्यानंतर.

को ताओला ओपन वॉटर करणारे इतके येतात की रोज कुणीतरी नवशिका तुझ्यासमोर असतो, आणि पाणी बहुतेक वेळा शांत. गिलीला करंटमध्ये वाहत जाण्याचे डाइव्ह जास्त, कासवं भरपूर, गट सांभाळायचं कौशल्य तिथे लवकर येतं. बेटावर मोटारगाड्या नाहीत, घोडागाडी किंवा सायकल. तुझे डाइव्ह अजून कमी आहेत म्हणून माझं मत को ताओ.

फुकट आणि फी यातला फरक असा. फी भरलीस तर तू विद्यार्थी, तुला शिकवणं हे त्यांचं काम. फुकट म्हणजे तू कामाच्या बदल्यात शिकतेस. चांगलं दुकान असेल तर हेही उत्तम. पण माझ्या एका मैत्रिणीला दोन महिने हवेच्या टाक्या भरायला आणि काउंटरवर बसवलं, आठवड्यातून जेमतेम तीनदा पाण्यात. वर कोर्सचं साहित्य आणि सर्टिफिकेटची फी वेगळी मागितली. त्यामुळे लेखी विचार: आठवड्याला किती दिवस पाण्यात, कुठला इन्स्ट्रक्टर माझ्यासोबत, फीमध्ये काय धरलेलं नाही. थायलंडमध्ये वर्क परमिटशिवाय काम करता येत नाही, बिनपगारी असलं तरी. तेव्हा फुकटवाल्यांना व्हिसाचं आधी विचार. तुझ्या पैशात फी भरून शिकणं मला जास्त पटतं.

पाडी ही डाइव्हिंगचे कोर्स आणि सर्टिफिकेट देणारी संस्था, तिच्या नियमानं डाइव्हमास्टर सुरू करायला ४० डाइव्ह लागतात, संपवताना ६०. रेस्क्यू आणि गेल्या २४ महिन्यांतलं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हवं, शिवाय डॉक्टरांच्या सहीचा वैद्यकीय फॉर्म. कोर्समध्ये ४०० मीटर पोहण्याची चाचणी असते, तिथे तुझ्या साडेनऊ मिनिटांना पाचपैकी तीन गुण मिळतील. बरं आहे, पण फिन्स (पायातले पंखे) घालून ८०० मीटरही आत्तापासून कर. मास्क-स्नॉर्कल लावून तोंड पाण्यात ठेवून जायचं असतं, त्यात पोटऱ्या भरून येतात.

जेवणाचं: थायलंडमध्ये भाजीतही फिश सॉस घालतात. 'जे' म्हण, म्हणजे मांस-मासे काही नको, पण त्यात अंडंही येत नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, ते ओळखायला शीक. आईला सांग, मी तिथे एकटी राहिले. रात्री किनाऱ्यावरच्या पार्ट्यांपासून लांब खोली घेतली आणि सहाला उठून बोटीवर टाक्या चढवल्या. थकून नऊला झोप लागायची.

मालवणचो_खलाशी

ताईंनी सगळं नीट सांगितलंय, त्यात भर घालतो. अजून मार्च आहे, म्हणजे आमच्याकडे समुद्र दोन महिने चालू. मे अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद. रेस्क्यू आणि उरलेले डाइव्ह इथेच करून घ्या, बाहेर पैसे वाचतील. तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यांच्याकडे खोल तलावही आहे. आमचं पाणी हॅवलॉकसारखं निळं नाही, कधीकधी चार-पाच मीटरपलीकडे दिसत नाही. पण माणूस दिसेनासा होतो तेव्हा त्याला शोधायचं कसं, हे अशाच पाण्यात कळतं.

एक कळकळीनं सांगतो. पुण्याची मुलं सकाळी दोन डाइव्ह मारतात आणि दुपारी गाडी काढून आंबोलीमार्गे परत निघतात. आंबोली साधारण ६९० मीटर उंचीवर आहे. रक्तात विरघळलेला नायट्रोजन अजून बाहेर पडलेला नसतो आणि वर हवेचा दाब कमी, मग त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठी आपण एकापेक्षा जास्त डाइव्हनंतर १८ तास थांबतो, घाटासाठीही तेवढंच थांबा. रात्र मालवणात काढा, दुसऱ्या दिवशी जेवून निघा.

पोहणारी_कोथरूडकर

खलाशीदादा, फेब्रुवारीत आम्ही नेमकं तेच केलं होतं. तीनला निघालो आणि रात्री घरी. काही झालं नाही, पण आज वाचून पोटात गोळा आला. ग्रुपवर टाकलंय.

ताई, तुमचे तीन प्रश्न को ताओच्या दोन दुकानांना पाठवले. एकाचं उत्तर त्याच रात्री आलं: आठवड्याला सहा दिवस पाण्यात, इन्स्ट्रक्टरचं नाव, आणि विम्याचे पैसे वेगळे, असं स्पष्ट. दुसऱ्यानं खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राचे चार फोटो पाठवले. आईला दोन्ही मेल वाचून दाखवले. तिनं पहिल्याकडेच बोट दाखवलं.

हॅवलॉकला पाण्यात खाली जाताना दाबानं बसलेला माझा डावा कान उशिरा मोकळा होत होता, ते तेव्हा मी कुणाला सांगितलं नव्हतं. गुरुवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातेय. त्यांनी होकार दिला तर रविवारच्या गाडीनं मालवण, रेस्क्यूसाठी.

टाकीवाली_ताई

कानाचं सांगितलंस ते फार बरं केलंस. डॉक्टर काय म्हणतात ते कळव, तिकीट त्यानंतर काढ.