सायटेशनवरून टॉप टेन कॉम्प्युटर सायंटिस्ट काढायचेत, एच-इंडेक्स धरू का?

दादर_पूर्व
नमस्कार मंडळी, मी मुंबईत एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. १५ सप्टेंबरला इंजिनिअर्स डे, त्यासाठी पॅसेजमध्ये "जगातले टॉप टेन कॉम्प्युटर सायंटिस्ट" असा बोर्ड लावायचाय, सर म्हणाले सायटेशन (म्हणजे एखाद्याच्या पेपरचा इतर पेपरांत दिलेला संदर्भ) बघून नंबर लाव म्हणजे वाद नको. दोन रात्री बसून गुगल स्कॉलरवरून, म्हणजे गुगलच्या रिसर्च पेपर शोधायच्या साइटवरून, एक्सेल बनवलं, एच-इंडेक्सवर सॉर्ट मारलं आणि बघते तर वरचे जवळपास सगळे एआयचे, म्हणजे मशीन लर्निंग नाहीतर कॉम्प्युटर व्हिजनवाले (कॉम्प्युटरला चित्रं ओळखायला शिकवणारे). आपले नरेंद्र करमरकर, आयआयटी मुंबईचे, १९८४ साली लिनिअर प्रोग्रामिंगचा (ठरलेल्या मर्यादांत सगळ्यात फायद्याचं उत्तर काढायचा) अल्गोरिदम दिला, मी दरवर्षी फळ्यावर शिकवते तो, आणि ते माझ्या शीटमध्ये कुठेच नाहीत. मन मानत नाहीये. माझं काही चुकलं का आकडाच चुकीचा धरलाय?

पवई_हॉस्टेल
मॅडम तुमचं काही चुकलं नाही, आकडा मोजतोय तेच वेगळं आहे. एच-इंडेक्स काढला हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ मध्ये. निदान एच सायटेशन असलेले एच पेपर, असा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे एच. समजा एकाच्या सात पेपरांना ५०, १८, ७, ६, ५, ३, १ असे सायटेशन आहेत, तर पाचव्या पेपरला पाच आहेत, सहाव्याला सहा नाहीत, म्हणून एच ५. आता पहिल्याचे ५० चे पन्नास हजार झाले तरी एच पाचच राहतो! आणि जितके पेपर त्याच्या वर एच जाऊच शकत नाही, म्हणजे मोजकं पण मोठं काम करणारा माणूस इथे मागेच पडणार.

दुसरं म्हणजे फील्ड. एआयमध्ये माणसं जास्त, पेपर जास्त, त्यामुळे सायटेशन पण धो धो. २०१५ च्या रेसनेटच्या (चित्रं ओळखणारं एआय मॉडेल) एका पेपरला दोन लाखांच्या वर आहेत. उलट आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल, सक्सेना यांनी २००२ मध्ये संख्या मूळ आहे का हे झटपट आणि खात्रीने तपासायची रीत दिली, शेकडो वर्षांचा प्रश्न होता तो, थिअरीतलं मोठं बक्षीस, २००६ चं गोडेल प्राइझ मिळालं, पण सायटेशन त्याच्या पासंगालाही नाहीत. थिअरीवाल्याची (कॉम्प्युटरच्या गणिती बाजूवर काम करणाऱ्याची) तुलना थिअरीवाल्याशीच करा.

विरार_फास्ट
डेटा पण नीट बघा हं. स्कॉलरवर एस पाटील किंवा ए कुलकर्णी टाकून बघा, तीन वेगळ्या माणसांचे पेपर एका प्रोफाइलमध्ये घुसलेले सापडतील. माझं उलटं झालं, पीएचडीचे पेपर माहेरच्या आडनावावर, नंतरचे सासरच्या, प्रमोशनच्या वेळी निम्मे सायटेशन दिसेचनात आणि समोरच्यांनी प्रिंटवरचा आकडाच खरा धरला. शेवटी ऑर्किड आयडी (प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र नंबर) काढून एकेक पेपर हाताने जोडला, आठवडा गेला. ज्या बाईने आडनाव बदललं तिचं नाव तुमच्या शीटमधून असंच गळालेलं असू शकतं, हे खूप लागतं मनाला म्हणून लिहितेय.

माटुंगा_लॅब
आणि आकडा फुगवता येतो. २०१० मध्ये फ्रान्सच्या सिरिल लाबे यांनी आइक अँटकेअर नावाचा खोटा कॉम्प्युटर सायंटिस्ट उभा केला, सायजेन नावाच्या प्रोग्रामने शंभरेक निरर्थक पेपर पाडले, सगळे एकमेकांना साइट करणारे, आणि गुगल स्कॉलरने त्याला एच ९४ दिला. स्टॅनफर्डची ती जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी असते ना, त्यात सेल्फ सायटेशन (स्वतःच स्वतःच्या पेपरचा दिलेला संदर्भ) वगळूनही आकडे देतात, ते आधी बघावेत. पण आकडा नकोच असं मी म्हणणार नाही. आमच्यासारखे ज्यांच्या मागे कोणी गाइड नाही, ओळख नाही, त्यांना कमिटीसमोर दाखवायला आकडाच असतो, तो काढून घेतलात तर वशिलाच उरेल.

दादर_पूर्व
खूप आभार सगळ्यांचे, विरार_फास्ट ताई तुमचं वाचून शीट परत तपासतेय. सरांशी बोलले. नंबर नाही लावत आता, एरियाप्रमाणे रांगा करतेय, नावाखाली साल आणि कुठला प्रश्न सोडवला ते दोन ओळीत, सायटेशन लहान अक्षरात कोपऱ्यात. थिअरीच्या रांगेत करमरकर आणि कानपूरचे तिघे झाले, एक जागा आहे अजून, कोण?

पवई_हॉस्टेल
सुभाष खोत. इचलकरंजीचे, आयआयटी मुंबईतूनच शिकले, २००२ मध्ये युनिक गेम्स कंजेक्चर (काही प्रश्नांचं जवळपास बरोबर उत्तर काढणंही अवघड आहे असा अंदाज) मांडलं, थिअरीतलं मोठं बक्षीस, २०१४ चं नेव्हानलिन्ना प्राइझ, मिळालं. पोरांना इचलकरंजी मोठ्या अक्षरात दिसू दे.