मर दिसल्यावर ट्रायकोडर्मा टाकून उपयोग का होत नाही

हरभऱ्याची झाडं सुकायला लागल्यावर ट्रायकोडर्माची (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, पावडरीत मिळते) आळवणी केली, म्हणजे पाण्यात मिसळून मुळाशी ओतली, तरी मर थांबली नाही, म्हणजे पावडर बोगस का, असं एकाने विचारलंय. पावडरीला लगेच दोष देऊ नका. मर रोगाची फ्युजेरियम बुरशी मुळातून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसते. सुकलेलं झाड बुंध्याशी उभं चिरा, मधोमध तपकिरी-काळी रेघ दिसेल. तिथवर ट्रायकोडर्मा पोचत नाही. तो मुळाभोवतीच्या मातीत आधी जागा धरून रोगाच्या बुरशीला अडवतो, म्हणून तो पेरणीआधीच हवा.

एकरी 2 किलो पावडर 100 किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळा. ओल इतकीच की मुठीत गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. सावलीत ओल्या गोणपाटाखाली 10 ते 15 दिवस ठेवा, दर 3-4 दिवसांनी वरखाली करा. आधी पांढरी, मग हिरवी बुरशी चढते. तेव्हा ते ओल असलेल्या रानात पसरून लगेच मातीआड करा. ताजं शेण अजिबात नको, ते तापतं आणि बुरशी मरते.

बियाण्याला किलोमागे 5 ग्रॅम पुरे. पण त्याच बियाण्याला कार्बेन्डाझिम (रासायनिक बुरशीनाशक) चोळलं असेल तर ट्रायकोडर्मा त्यातच मरतो, आणि ही चूक फार जण करतात. रायझोबियम (नत्र मिळवून देणारं जिवाणू खत) सगळ्यात शेवटी लावा, बी सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

पाकिटावरची मुदतही बघा. दुकानाच्या पत्र्याखाली तापलेलं पाकीट मुदतीत असूनही निकामी असू शकतं.