बाबांच्या ठासणीच्या बंदुकीचं काय करावं?

माहेरवाशीण_कुडाळ:
बाबा शिमग्याच्या आधी गेले. आजोबांपासूनची ठासणीची बंदूक (नळीत दारू ठासून बार काढायची) त्यांच्या नावावर होती, परवाना शेतीसंरक्षणाचा. ते गेल्यावर आम्ही ती पोलीस ठाण्यात जमा केली. आता काका म्हणतात, सरकारला देऊन मोकळी हो, "मुंबैत खंय ठेवतलंस ती?" विकून काही येणार नाही हे मलाही कळतं.

पण दस्त्याला तडा गेला तिथे आजोबांनी तांब्याची तार गुंडाळलीय, आणि बाबांच्या हाताने ती तार झिजून गुळगुळीत झालीय. खंडेनवमीला पाटावर कोयता, कुऱ्हाड आणि ती, प्रत्येकावर झेंडूचं फूल. निवडणूक आली की बाबा ती गोणपाटात गुंडाळून जमा करायला न्यायचे. त्या सगळ्या पावत्या परवान्यात घडी करून ठेवलेल्या सापडल्या. डुक्कर मारल्याचं मला आठवत नाही, वानरांसाठी नुसता बार काढायचे. (वानरं दुसऱ्या दिवशी परत हजर!)

मी डोंबिवलीत राहते. परवाना माझ्या नावावर होईल का?

कोर्टाची_पायरी:
वारसाला अर्ज करता येतो. २०१६च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे, आणि परवानाधारक हयात असतानाही, त्याचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर ते वारसाकडे जाऊ शकतं. बाकी वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र लागेल. पण मुदतीत दावा केला नाही तर जमा शस्त्र सरकारजमा होऊ शकतं, तेव्हा काकांशी वाद घालत बसू नका. २०१९पासून एका माणसाला दोनच बंदुका, वारशाची धरून.

भाऊ_बेंगळूरकर:
इथे कर्नाटकात कोडगूत (कूर्गमध्ये) कोडवा लोकांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे. कैलपोळ्दला, म्हणजे त्यांच्या शस्त्रपूजेच्या सणाला, बंदुका पुजतात, नळीत कळलावीचं फूल खोचतात. तुमच्या झेंडूवरून आठवलं. उपयोग शून्य, माफ करा.

रानमाणूस:
ताई, डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये कपाटात कुलूप लावून काय करणार? पिकासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख कायद्यातच आहे, पण त्याला शेत कसणारा माणूस हवा. गावी शेती कोण बघतं?

माहेरवाशीण_कुडाळ:
आई बघते. खरंच, तिचं नाव आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

कोर्टाची_पायरी:
मग झालं की! पत्नी वारस आहेच. सातबारा, मृत्यू दाखला, तुमचं संमतीपत्र घ्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज टाका. आणि निवडणुकीत सरसकट जमा करायची नसते, छाननी समिती ठरवते. पावती मात्र जपा, बाबांसारखी.

माहेरवाशीण_कुडाळ:
आईला फोन केला. म्हटलं, तुला चालवता येईल का? तर म्हणे, "तुझ्या बापाशीक दारू मोजून कोण देय होता? मीच!" सोमवारी सातबारा काढायला जाणार आहे, काकांना घेऊन.