मदत हवी आहे : काहिलीच्या (उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईच्या) कडेचे तापमान चुकीचे का दिसते?

कराडजवळच्या आमच्या गुऱ्हाळात गूळ उतरवण्याची वेळ अचूक साधावी म्हणून मी इन्फ्रारेड थर्मामीटर (न टेकवता, वस्तूतून निघणाऱ्या उष्णतेच्या प्रारणावरून तापमान सांगणारे उपकरण) घेतला आहे. वीनच्या नियमानुसार (वस्तू जितकी गरम, तितकी तिच्या सर्वाधिक प्रारणाची तरंगलांबी कमी) ११८ अंश सेल्सिअसच्या पाकाचे प्रारण सुमारे ७.४ मायक्रोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक असते, तर चुलाणातल्या १००० केल्विनच्या लालबुंद निखाऱ्याचे २.९ ला. उपकरण ८ ते १४ मायक्रोमीटर टिपते आणि पाकाच्या प्रारणाचा बराचसा भाग त्यात येतो, त्यामुळे पाकाचे आकडे पटतात. वाफ दाटली की मात्र डळमळतात. खरी अडचण वेगळी आहे. काहिलीच्या घासून लख्ख केलेल्या कडेला बोट टेकवत नाही, तरी तिथे जेमतेम ५५ अंश दिसतात आणि शेजारच्याच काजळी धरलेल्या भागावर १०० च्या वर. चकचकीत धातू प्रारण कमी सोडतो, हे ठाऊक आहे. परंतु उत्सर्जकता (पृष्ठभाग किती प्रमाणात प्रारण सोडतो ते, जास्तीत जास्त १) ०.९५ वरच कायम असलेल्या या उपकरणासाठी कडेला बाहेरून उष्णता सहन करणारा काळा रंग लावणे पुरेसे ठरेल का, हे कृपया कोणी अनुभवाने सांगावे.