हायक्यू बघताना शेजारची मैत्रीण आठवली. २२ वर्षांनी फोन करावा का?

निंबाखालची

गेल्या शनिवारी लेकीसोबत 'हायक्यू' या व्हॉलीबॉलवरच्या जपानी कार्टूनचा सिनेमा बघितला. शेवटी शेवटी मी अशी रडायला लागले की तिनं लॅपटॉप थांबवला. "आई, काय झालं तुला?" मला सांगता येईना. इथं लिहून बघते.

लेक नववीत आहे. दोन वर्षं तिच्या खोलीतून बुटांचा चर्रचर्र आवाज आणि जपानी आरडाओरडा ऐकू यायचा. पोळ्या झाल्या की मी दारात पाच-दहा मिनिटं उभी राहायचे, तेवढंच माझं बघणं. कारासुनो म्हणजे कावळेवाली शाळा, मियागीतली, आणि नेकोमा म्हणजे टोकियोतली मांजरवाली, एवढं ठाऊक होतं. अख्खा सिनेमा म्हणजे या दोघांची एक मॅच. उकिरड्यावर कावळा आणि मांजर भिडतात तशी, म्हणून नावही उकिरड्यावरची लढाई.

सगळ्यांचा जीव कारासुनोच्या उड्या मारणाऱ्या हिनातावर. मी गुंतले केन्मात. नेकोमाचा लिफ्टर, म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला बॉल उचलून देणारा. धावायचा कंटाळा, घामाचा कंटाळा, मान खाली घालून व्हिडिओ गेम खेळत बसणारा पोरगा. व्हॉलीबॉल खेळतो कशाला? तर शेजारचा कुरो खेळतो म्हणून, आणि आपण नसलो तर त्यांची अडचण होईल म्हणून. तोच पोरगा या मॅचमध्ये दमून जमिनीवर आडवा होतो आणि म्हणतो, मजा येतेय.

मग शेवटची रॅली, म्हणजे बॉल खाली न पडू देता चाललेली शेवटची झुंज, त्याच्या डोळ्यांतून दाखवलीय. त्याचेच हात, त्याचाच श्वास, वरून येणारा बॉल. घामानं ओला झालेला बॉल त्याच्या बोटांतून निसटतो आणि मॅच संपते. हरले. त्यानंतर तो कुरोला म्हणतो, मला व्हॉलीबॉल शिकवल्याबद्दल थँक यू. एरवी कधी गप्प न बसणाऱ्या कुरोला उत्तरच सुचत नाही.

पण माझा बांध त्याच्या आधीच फुटला होता. लहानपणीचा कुरो बुजरा असतो. त्याला जमावं म्हणून म्हातारे नेकोमाता सर नेट खाली घेतात. आधी जमल्याचा आनंद मिळू दे, असं त्यांचं म्हणणं.

आमचं गाव तासगावच्या बाजूला. शेजारच्या घरात ती. माझ्याच वर्गात, पण माझ्याहून वीतभर उंच. तिला स्मॅश मारायचे होते आणि बॉल उचलून द्यायला कुणी नव्हतं, म्हणून सातवीच्या सुट्टीत तिनं मला दंडाला धरून ओढत नेलं. निंबाचं झाड आणि विजेचा खांब, मध्ये दोर, दोरावर गोणपाटाची फडकी. हीच नेट. माझा एकही बॉल पलीकडं जाईना. तिसऱ्या दिवशी मी मुरमात बसले आणि उठलेच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तर दोर माझ्या कपाळाएवढा खाली. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. दिवाळीपर्यंत चार-चार बोटं करत तिनं तो पुन्हा वर नेला.

बारावीपर्यंत खेळलो. तालुक्याला दोनदा, जिल्ह्याला एकदा. मग तिचं लग्न अथणीकडं झालं, मी पुण्याला आले. शेवटची भेट २००३ साली, एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत. वरच्या फळीवरचा डबा उतरवताना माझी बोटं अजून लिफ्ट द्यायला जावीत तशी त्रिकोणात जातात. हे तिनं शिकवलंय, आणि तिला मी ते एकदाही म्हटलेलं नाही.

तिच्या भावाकडून नंबर मिळालाय. २२ वर्षांनी मध्येच फोन करून माणूस काय म्हणतं? "एक कार्टून बघितलं आणि तुझी आठवण आली"? तुमच्यापैकी कुणी असा फोन केलाय का?

रात्रपाळी

ताई, तुम्ही मुळापासून न बघता इतकं रडलात, तर लेकीला सांगून २०१४ च्या पहिल्या भागापासून सुरुवात कराच. चार सीझनचे ८५ भाग आहेत आणि योगायोग असा की सिनेमाही ८५ मिनिटांचा. पहिल्याच सीझनमध्ये हिनाता ठरवतो की या केन्माच्या तोंडून एक दिवस 'मजा आली' किंवा 'हरल्याचं वाईट वाटलं' वदवून घ्यायचंच. म्हणून तो आडवा पडून 'मजा' म्हणतो तेव्हा जाळीपलीकडून हिनाता आनंदानं ओरडतो. माझ्यासाठी सिनेमाचं काळीज तिथं आहे, थँक यूमध्ये नाही. समोरच्या टीमच्या पोराला खेळ आवडला म्हणून कुणी इतका खूश होतो, हे मी मैदानावर कधी बघितलं नव्हतं.

आणखी एक. मॅचआधी गोल करून कुरो सगळ्यांना सांगतो की आपण रक्त आहोत, न थांबता वाहत राहा, म्हणजे मेंदू नीट चालेल. मेंदू म्हणजे केन्मा. त्याला याची दर वेळी लाज वाटते, तरी तो त्या गोलात उभा राहतो. तुमची मैत्रीण रक्त होती, तुम्ही मेंदू. फोन करा.

सेंदाईकर

मी सहा वर्षं सेंदाईत आहे. मियागी प्रांताची राजधानी म्हणजे कारासुनोवाल्यांचाच मुलूख. एक गोष्ट सांगतो, तिच्याशिवाय त्या थँक यूचं वजन कळत नाही. सिनेमातली मॅच ज्या शालेय स्पर्धेतली आहे, ती इथं 'हारुको' म्हणून ओळखली जाते. हारु म्हणजे वसंत, पण खेळतात जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत. पूर्वी ती मार्चमध्ये व्हायची आणि तोवर तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाची मुलं क्लब सोडून शाळेच्या बाहेर पडण्याच्या बेतात असायची. त्यांना खेळता यावं म्हणून २०११ पासून ती जानेवारीत आणली. कुरो तिसऱ्या वर्षाला, केन्मा दुसऱ्या. म्हणजे मॅच हरली की दोघांचं एका टीममधलं खेळणं संपलं. केन्मा ते वाक्य त्या क्षणी बोलतो, कारण पुढचा सामना नाहीये.

इथली माणसं मनातलं पटकन बोलत नाहीत, असं आपण म्हणतो. आपल्याकडं तरी मित्राला थँक यू कोण म्हणतं? म्हटलं तर तो म्हणेल, बरा आहेस ना? तरी फोन करा.

ग्राउंडवाला

मी १४ वर्षं मुलींना व्हॉलीबॉल शिकवतोय. सिनेमा बघितलेला नाही, पण त्या दोरावर बोलतो. महिलांची नेट २.२४ मीटर, पुरुषांची २.४३. बरेच जण सहावी-सातवीच्या पोरींनाही पहिल्या दिवसापासून मोठ्यांच्याच नेटखाली उभं करतात, कारण खांबाला हुक तेवढाच. मनगटं लाल होतात, बॉल नेटला लागून खाली पडतो आणि आठवड्यात निम्म्या पोरी घरी. उंची नाही, जोर नाही असं आपण म्हणतो. नुसती नेट खाली घ्यायची असते. मलाही हे उमगायला चार-पाच वर्षं लागली आणि तेवढ्यात किती पोरी गेल्या ते आठवलं की झोप लागत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला हे आपोआप सुचलं असेल, तर ती जन्मजात कोच आहे. माझ्या वतीनंही तिला नमस्कार सांगा.

निंबाखालची

सगळ्यांचे आभार. काल दुपारी केला फोन.

आधी तिला आवाज ओळखू येईना. मग नुसतं "अगं बया" आणि नंतर दोघीही बराच वेळ काही बोललो नाही. मी घाईघाईत ते वाक्य म्हणून टाकलं, नाहीतर राहून गेलं असतं. तू मला खेळायला शिकवलंस, मी कधी म्हटलं नाही. ती म्हणाली, "दोर मी नव्हता खाली घेतला. तुझी आई आली होती आमच्या घरी. म्हणाली, पोरगी रडतीय, दोर जरा खाली बांध, पण मी सांगितलं म्हणून सांगू नको."

आईनं आयुष्यात मैदानावर पाऊल ठेवलेलं मला आठवत नाही.

रविवारी व्हिडिओ कॉल लावून दोघी मिळून सिनेमा बघणार आहोत. तिला इंग्रजी पाट्या वाचायला जमत नाही, तर लेक मराठीतून सांगणार आहे. आईलाही बोलावलंय.